कळविण्यात येते की

"आलीस तर आलीस, आन् दारावरनं तशीच निघून गेलीस व्हय गं?"

हौसामावशीचा फोन होता. मंगळवार, सकाळचे साडेअकरा, माझी ऐन कामाची वेळ. मी कपाटात बसले होते. खरोखरच कपाटात. नाशिकच्या आमच्या दोन खोल्यांत बाहेरचा आवाज आत येणार नाही अशी जागाच नव्हती, म्हणून भिंतीतल्या कपाटाचे कप्पे काढून, तिन्ही बाजूंना गोधड्या ठोकून मी तिथे माइक बसवला होता. मुलं शाळेत गेलेली, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या संपलेल्या, नळ बंद झालेला, असा दीडेक तास मला मिळायचा. तेवढ्यात दिवसभराचं बोलून घ्यायचं असायचं.

"कुठे आले मी?" मी विचारलं.

"मोहरगावात, आनि कुठं! आत्ता घराम्होरनं गेलीस की रिक्षातनं बोलत. मी भाकरी थापत हुते. तसल्याच पिठाच्या हातानं मागं पळाले, वैजे, वैजे करत, पार शाळंपत्तुर. मग दस्तगीरनं रिक्षा थांबवली. म्हनला, मावशी, आत कोन न्हाई, पेनड्राइव्ह हाय."

मला इतकं हसू आलं की माइक बाजूला सरकवावा लागला. साठीची बाई, पिठाचे हात, पुढे भोंगा लावलेली रिक्षा. हसता हसता मी तिला समजावलं की मावशी, मी इथेच आहे, फक्त माझा आवाज तिकडे आलाय.

हे काम मला मिळून तेव्हा दोन वर्षं झाली होती. इंटरनेटवर एक साइट होती. तिथे दुकानदार, क्लासवाले, दवाखानेवाले आपापली बारीकसारीक कामं टाकायचे आणि कुठल्या कुठे बसलेली माणसं ती करून द्यायची. कुणी बिलं टाइप करायचं, कुणी पाटीचं चित्र काढून द्यायचं, मी बोलायचे. लातूरच्या साडीसेलचं मी बोलले होते, जालन्याच्या कोचिंग क्लासचं, कुठल्याशा मोफत नेत्रतपासणी शिबिराचं. यातलं एकही दुकान मी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं आणि त्या दुकानांनी मला पाहिलं नव्हतं. पण आवाज म्हणजे आवाज होता! शाळेत असताना मावशीच्या गावी 'काय म्हंतीस, काय करतीस' करणारी मी, चार वर्षं झटून ते सगळं घासून काढलं होतं. माइक पुढे आला की माझ्या तोंडून बातम्यांतली बाई बोलायची. याचा मला फार अभिमान होता, खोटं कशाला सांगू?

"मग काय सांगत होते मी?" मी अजून हसतच होते.

"बाजार हालवलाय म्हनत हुतीस. येत्या बेस्तरवारपासनं गावात भरनार न्हाई, बायपासला भरनार. नवरत्न का कायतरी संकुल झालंय न्हवं, तितं. खरं हाय का गं?"

आता मला ते काम आठवलं. महिन्यापूर्वी सौमित्र नावाच्या एकाने ऑर्डर टाकली होती. लहान गावांसाठी घोषणांची लायब्ररी करतोय, म्हणाला. त्यासाठी त्याला अख्ख्या घोषणा नको होत्या, तुकडे हवे होते. 'सर्व नागरिकांना कळविण्यात येते की' हा एक तुकडा. सोमवार ते रविवार सात तुकडे. 'आठवडी बाजार', 'नवीन जागेत', 'बायपासला', 'नवरत्न संकुलात', 'भरविण्यात येईल', 'कृपया नोंद घ्यावी' असे आणखी कितीतरी, आणि शेवटी साठ गावांची नावं. त्या यादीत मोहरगाव दिसलं तेव्हा मी ते दोनदा म्हटलं होतं, दुसऱ्यांदा जरा जास्तच मायेने.

म्हणजे नगरपंचायतीनेच ते घेतलं असणार, असं मी धरून चालले. दुसरं कोण घेणार?

"खरंच असणार, मावशी. सरकारी भाषा आहे ती. उगाच कोण गावभर वाजवत फिरेल?"

"मग उठू का माज्या जागेवरनं?"

हा प्रश्न काय होता, हे मला कळायला हवं होतं. दहावीपर्यंत मी तिच्याकडे वाढले. दर गुरुवारी तिची बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन बाजारात गेले. मारुतीच्या पायऱ्यांना लागून, लिंबाखाली, तिची बसायची जागा. सव्वीस वर्षं ती तिथे बसत होती. आम्ही कासार. मावशी बांगड्या विकायची नाही, भरायची. बाईचा हात हातात घेऊन, साबणाचं पाणी लावून, गप्पा मारत मारत एकेक बांगडी अशी चढवायची की मनगटाला कळायचं नाही, आणि भरून झाल्या की त्या हाताला नमस्कार करायची. आसपासच्या बारा गावांतल्या बाया लग्नाचा चुडा भरायला, डोहाळजेवणाच्या हिरव्या बांगड्या भरायला तिच्याकडे यायच्या. त्यांच्याकडे तिचा फोन नंबर नव्हता. मारुतीच्या पायऱ्यांपाशी हौसा कासारीण असते, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

आणि त्या जागेचा कागद कुणाकडेच नव्हता. बाजाराचा रिवाज एवढाच की जो दर आठवड्याला बसतो त्याची जागा. आजारपण आलं, मयत झालं, तर शेजारचा त्या जागेवर रिकामं पोतं अंथरून ठेवतो आणि कुणी बसायला आला तर म्हणतो, माणूस आहे इथलं. सगळा बाजार त्या पोत्यांवर चालतो.

हे सगळं मला पाठ होतं. आणि मी घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजायला आले होते, नागपूरच्या एका फर्निचरवाल्याच्या चौदा ओळी राहिल्या होत्या.

"सगळेच जाणार असतील तर तू एकटी तिथे बसून काय करशील? जा की," मी म्हणाले.

"तू म्हनतीस म्हंजे झालं," मावशी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

त्या दिवशी मी चार जणींना कौतुकाने सांगितलं की माझा आवाज माझ्या गावात पोचला. माझी अक्कल अशी कपाटात कोंडलेली.

नंतर आठवडाभर मावशीचा फोन आला नाही, मीही केला नाही. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी दुपारी तीनला मुलीच्या कानातल्यांचं काहीतरी विचारायला मी फोन लावला. बाजाराचा कलकलाट ऐकू येईल म्हणून मी मोठ्याने बोलायला लागले, तर पलीकडे शांत.

"वरडू नगं. घरात हाय मी."

"गुरुवारी? घरात?"

"डोकं दुखतंय."

मावशीचे यजमान गेले त्याच्या चौदाव्या दिवशी, गुरुवार होता म्हणून, ही बाई पेटी घेऊन बाजारात जाऊन बसली होती. हिचं डोकं दुखतंय? मी सासूबाईंच्या हवाली मुलं केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळची बार्शीची गाडी धरली.

मोहरगावला पोचले तेव्हा उन्हं कलली होती. मावशी दारात गहू निवडत बसली होती. पेटी आत कोपऱ्यात, वर चादर टाकलेली. पाणी दिलं, चहा दिला, मुलांची चौकशी केली. मी तीनदा विचारलं तेव्हा कुठे बोलायला लागली, तीही गव्हाकडे बघत.

झालं होतं ते असं. रिक्षा फिरल्यावर बाजारातल्या बाया मावशीकडे आल्या. कुणाचा विश्वास बसत नव्हता. बोंबीलवाली चतुराबाई तर म्हणाली होती की कागद दाखवल्याशिवाय मी उठत नाही. तेव्हा मावशीने सगळ्यांना सांगितलं, रिक्षात बोलते ती माझी वैजी आहे. मी तिला फोन करून विचारलंय. माझी पोर खोटं सांगायची नाही.

"बावीस जनी उठल्या माज्या शबदावर," मावशी म्हणाली.

त्या गुरुवारी बायपासला मोठा थाट होता. मांडव, बँडबाजा, फीत कापणं. बाजार आला म्हणून गिऱ्हाईकही आलं, बारा गावचं. वरून ड्रोन उडवून त्या गर्दीचे फोटो काढले. संकुलातले गाळे विकायचे होते ना, त्यासाठी गर्दी दाखवायची होती. संध्याकाळी आवराआवर करताना तिथला वॉचमन येऊन सांगून गेला, पुढच्या वेळेपासून ज्याने गाळा बुक केलाय त्यानेच यायचं, बाकीच्यांनी जुन्या ठिकाणी बसायचं.

"मग काल गेले की जुन्या जागी," मावशी म्हणाली. "सगळ्याच गेलो. तर तितं टेम्पोवाली मानसं बसलेली. बादल्यावाला, चादरीवाला, मोबाइलची कव्हरंवाला. आदल्या बाजारी मोकळं रान दिसलं, बसली. आता म्हंत्यात, आमी मागल्या वेळंपासनं हितंच बसतोय."

"पण पोतं? कुणी पोतं नाही टाकलं?"

मावशीने पहिल्यांदा मान वर केली. "कोन टाकनार बाई? टाकनारेच माज्यासंगं उठले की."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी तिथेच ओसरीवर सौमित्रला फोन लावला. नंबर होता, चेहरा कधी पाहिला नव्हता. मावशीलाही ऐकू यावं म्हणून मी स्पीकर लावला.

"हां मॅम, बोला ना," तो म्हणाला. आवाज गोड, पंचविशी-तिशीतला.

मी बोलले. एका दमात सगळं बोलले.

"ओके, ओके. मॅम, पण इश्यू काय आहे नक्की?"

"इश्यू? माझ्या आवाजात तुम्ही अख्ख्या गावाला खोटं सांगितलंत!"

"मी कुठे सांगितलं, मॅम? मी तर बोललोच नाही. आवाज तुमचाच आहे."

"मी तुकडे वाचले होते!"

"तेच म्हणतोय. तुकडे तुम्ही वाचले. जोडणारा एडिटर रायपूरला असतो, त्याला तर मराठी येतच नाही. मी फक्त को-ऑर्डिनेट करतो. क्लायंटने स्क्रिप्ट दिली, आम्ही फाइल दिली, वाजवणाऱ्याने वाजवली. यात खोटं नक्की कोण बोललं, तुम्हीच सांगा."

"क्लायंट कोण आहे?"

"ते कॉन्फिडेन्शियल असतं, मॅम."

"त्याच्या संकुलाचं नाव भोंग्यावरून गावभर वाजलंय आणि ते कॉन्फिडेन्शियल?"

तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "मॅम, तुम्ही चिडलाय, आय अंडरस्टँड. पण तुम्ही सगळे हक्क दिलेत. कायमचे. ऑर्डरमध्ये टिक केलीये तुम्ही. आणि मी तुम्हाला फाइव्ह स्टार दिलेत, विसरलात का? वाटलं तर असं करू, तुमच्याकडे दोन रिव्हिजन फ्री असतात ना? क्लायंटला नवीन घोषणा हवी असेल तर मी त्यात तुमचं..."

"रिव्हिजन?" मी ओरडले. "सव्वीस वर्षं बसलेली बाई उठवलीस तू जागेवरून, आणि रिव्हिजन?"

त्याने फोन कट केला. पुन्हा लावला तर लागला नाही. साइटवर जाऊन पाहिलं तर त्याने मला ब्लॉक केलं होतं. पाच चांदण्या मात्र होत्या तशाच चमकत होत्या.

मावशी सूप बाजूला ठेवून ऐकत होती.

"ह्यो कुठं ऱ्हातो?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"कदी बघितलास?"

"नाही."

"त्यानं तुला?"

"नाही, मावशी."

"मग कुनाचं काम करत हुतीस गं तू?"

मी सौमित्रच्या नावाने बोटं मोडत होते, पण फोनवर 'जा की' म्हणणारी तर मीच होते, तिथे काही रायपूरचा एडिटर नव्हता.

सोमवारी नगरपंचायतीत गेले. तिथला क्लार्क शांतपणे म्हणाला, "आम्ही काहीच कळवलेलं नाही, मॅडम. बाजार जिथे होता तिथेच आहे. त्या घोषणेत आमचं नाव आहे का?" नव्हतंच. कोण कळवतंय, हे त्यात कुठेच नव्हतं. माझा तो सरकारी सूर तेवढा होता, आणि लोकांना तेवढा पुरला. "मग बाजारात बसलेल्यांना उठवा," मी म्हणाले. तर म्हणे, बाजार सगळ्यांचा असतो, जागा कुणाच्या नावावर नसते, लेखी अर्ज देऊन ठेवा. बायपासच्या ऑफिसला कुलूप होतं, आणि दारावर त्या ड्रोनच्या फोटोचा मोठा फ्लेक्स. गर्दीत चतुराबाईची बोंबलाची टोपली स्पष्ट दिसत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाने.

मी ठरवलं, ज्या तोंडाने घाण झाली त्याच तोंडाने ती निस्तरायची. बुधवारी सकाळी मी दस्तगीरचं घर गाठलं. तो रिक्षा पुसत होता. मला पाहून खाली बघायला लागला.

"मी तर नुसता पेनड्राइव्ह लावतो, ताई," तो म्हणाला. "चालवताना ऐकतबी न्हाई मी काय वाजतंय ते. दिवसभर तेच तेच, कान किटतात."

"आज पेनड्राइव्ह नको. मी स्वतः बसते. माइक आहे ना?"

"हाय की."

त्याने भाडं घ्यायलाही नकार दिला. मी मागे बसले, माइक हातात घेतला आणि रिक्षा वेशीतून आत वळली. काय बोलायचं ते मी पाठ केलं होतं. मी हौसाबाईंची भाची. मागच्या वेळी जे ऐकलंत ते खोटं होतं. उद्या सगळ्यांनी आपापल्या जुन्या जागेवर बसायचं, एकजुटीने.

मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते असं: "मोहरगाव व परिसरातील सर्व विक्रेत्या भगिनींना कळविण्यात येते की..."

मी थांबले. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तोच सूर. चार वर्षं घासून घासून मी जे बसवलं होतं ते माइक हातात आला की आपोआप चालू व्हायचं. रागाने बोलले तर बातम्यांतली बाई रागावल्यासारखं वाटत होतं.

चावडीपाशी बसलेले दोघे तिघे हसले. "आता परत जुन्या जागी? परवा हीच बाई बायपासला जावा म्हनत हुती!"

"अहो, ती टेप होती! आता मी खरी बोलतेय!" मी भोंग्यातून म्हणाले.

"टेपच हाय, टेपच. आता तसं बोलायचीबी टेप निघालीया," एकजण म्हणाला, आणि बाकीचे पुन्हा हसले.

दस्तगीर मागे वळून हळूच म्हणाला, "ताई, असला आवाज नका काढू. आपल्या घरात बोलता तसं बोला की."

मी प्रयत्न केला. देवाशपथ केला. 'बायांनो, ऐका गं' म्हणायला गेले, तर ते नाटकातल्यासारखं निघालं. चतुराबाई तिच्या दारात उभी होती. कमरेवर हात ठेवून तिने रिक्षा पुढे जाईपर्यंत माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "हिच्या आवाजावर उठलो. आता हिच्याच आवाजावर बसायचं व्हय?"

तेवढ्यात समोरून मावशी आली. रिक्षापुढे उभी राहिली. दस्तगीरला म्हणाली, "बंद कर ते." आणि मला म्हणाली, "खाली उतर."

"मावशी, मी सांगतेय ना त्यांना, मी..."

"तू बोलू नगं, वैजे. तू जेवढी बोलशील तेवढं बिघडंल. मी बोलते."

ती चतुराबाईच्या दारात गेली. मी मागे. मावशी ना ओरडली, ना रडली.

"चतुरे, मी सांगितलं म्हनून तू उठलीस. चुकी माजी. पोरगीला फसवलं, तिनं मला सांगितलं, मी तुला सांगितलं. पर तुला सांगनारी मी. आता मीच सांगते, उद्या पाटी घिऊन ये. दिस उगवायला सगळ्या एकदम बसू. न्हाई बसाय मिळालं तर माज्या दारात यिऊन बस, मी घर मोकळं करून देते."

चतुराबाई म्हणाली, "दारात बसून काय तुझ्या भिंतीला बोंबील विकू?" आणि आत गेली. मावशी पुढच्या घराकडे वळली.

अशी बावीस घरं. भर उन्हात, चालत. प्रत्येक दारात तेच, चुकी माझी, मी सांगितलं. कुणी पाणी दिलं, कुणी वाट्टेल ते बोललं. एक जण तर म्हणाली, भाचीला किती मिळाले गं हौसे आमाला उठवायचे? माझ्या जिवाचा संताप झाला. मावशीने माझं मनगट धरून ठेवलं होतं. मी तोंड उघडायला गेले की ती दाबायची. खोटं बोलणारे सगळे आपापल्या घरी पंख्याखाली बसले होते, आणि ज्या बाईने आयुष्यात कुणाला फसवलं नाही ती दारोदार माफी मागत फिरत होती. मला आजही ते आठवलं की जेवण जात नाही.

गुरुवारी दिवस उगवायला चौदा जणी आल्या. चतुराबाई सगळ्यांच्या पुढे. टेम्पोवाल्यांशी हुज्जत झाली, हमरीतुमरी झाली. चतुराबाईने चादरीवाल्याच्या गठ्ठ्याशेजारी टोपली उघडून ठेवली तेव्हा तो अर्ध्या तासात आपणहून उठला. नऊ जणींना जागा परत मिळाल्या. मारुतीच्या पायऱ्यांपाशी बादल्यावाला बसला होता, तो हलला नाही. "मावशी, नावावर हाय का जागा? दाखवा कागद," एवढंच म्हणत राहिला. त्याच्या बादल्यांची उतरंड लिंबाच्या फांदीपर्यंत गेली होती.

"चल," मावशी म्हणाली.

आम्ही पार टोकाला, मोरीच्या कठड्याजवळ बसलो. वर सावली नव्हती, समोर गुरांचा बाजार. मावशीने पेटी उघडली, साबणाच्या पाण्याची वाटी ठेवली, दोरीत ओवलेले हिरव्या बांगड्यांचे तोडे पुढे मांडले. दहा वाजले, अकरा वाजले. कुणी आलं नाही. बाया मारुतीपाशी जाऊन, इकडेतिकडे बघून परत फिरताना मला लांबून दिसत होत्या. मला उठून हाक मारावीशी वाटत होती. मावशी म्हणाली, बस खाली.

बाराच्या सुमाराला एक बाई लेकीला घेऊन शोधत शोधत आली. लेकीचं लग्न होतं. "अगं हौसाबाई, हितं कुठं येऊन बसलीस? अख्खा बाजार पालथा घातला!"

मला राहवलं नाही. मी सतरंजी झटकली. "या ना, बसा. इकडे सरका जरा."

बाई बसता बसता थबकली. माझ्याकडे निरखून बघायला लागली.

"हौसाबाई, ही बाई कोन गं? आवाज ऐकल्यासारखा वाटतुया. त्या रिक्षात बाजार हालवला म्हनून बोंबलत फिरत हुती, ती हीच का?"

मावशीने त्या मुलीचा हात हातात घेतला, साबणाचं पाणी लावलं, अंगठा आत वळवून पहिली बांगडी चढवली. मान वर केली नाही.

"न्हाई बाई. ती येगळी. ही माजी भाची हाय, मुकी बसती बिचारी."

मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बांगड्या पुसून देत राहिले. एक शब्द बोलले नाही.